थोडक्यात हरू दे

परवाच्या रविवारी संध्याकाळी अजयचा फोन आला. हॅलो नाही, कशी आहेस नाही. एकदम, "मावशी, डिड यू सी दॅट? हातात आलेला बॉल! हातात!"

मी पाहिलं होतं. म्हटलं, "बाबा रे, फेकणाऱ्यानंच तो गुडघ्यात फेकला. तो बिचारा झेलणार कसा?"

पलीकडे तो हसला. "आई असती तर तुला घराबाहेर काढलं असतं."

काढलं असतं, यात शंका नाही. बाहेर काढताना हातात डबाही दिला असता. चुकलं. दिला नसता, फेकला असता.

अजयची आई म्हणजे आमच्या घोरपडे काकू. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. माहेर कोल्हापूर, सासर कोल्हापूर, आणि आयुष्यातली चाळीस-एक वर्षं इथे अमेरिकेत, उत्तरेकडच्या बर्फात. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. मी आता चांगली आजी आहे, दोन्ही गुडघे नवे बसवलेली, पण काकू शेवटपर्यंत मला "ए पोरी" म्हणत. नाहीतर "पुणेकरीण." दुसरी हाक आली की समजायचं, माझं काहीतरी चुकलंय.

काकूंचं सगळं आयुष्य एका फुटबॉल टीमभोवती फिरत होतं. टीमचं नाव मी लिहीत नाही. आमच्या भागात ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बाहेरच्यांना मुद्दाम सांगावं असं तिनं बरेच दिवसांत काही केलेलं नाही. ज्यांना हा अमेरिकन खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: नाव फुटबॉल, पण पायाला काम फक्त पळायचं. एकजण चेंडू फेकतो, तो क्वार्टरबॅक. काहीजण लांब पळत जाऊन तो झेलतात, ते रिसीव्हर. झेलून शेवटच्या रेषेपलीकडे पोचलं की टचडाउन. एका सामन्यात डाव चार. आमची टीम रेषेपर्यंत नेहमी जायची. तिथे गेल्यावर मात्र घरी काहीतरी विसरल्यासारखी परत फिरायची.

हे असं का होतं, यावर काकू आणि अजय यांचं वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं. काकू म्हणत, दोष झेलणाऱ्यांचा. अजय म्हणे, दोष फेकणाऱ्याचा. या वादाचा निकाल लागावा असं त्या दोघांनाही वाटत नव्हतं, आणि त्याचं कारण मी पुढे सांगणार आहे. आधी माझी फजिती.

मी काकूंना प्रथम भेटले तेव्हा नुकतीच पंचावन्न वर्षांची होते. म्हणजे अगदी पोरसवदा. ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही या गावात नवे आलो होतो, आणि मी मराठीत एम. ए. केलेलं आहे, ही बातमी इथल्या मराठी मंडळाला पोचवण्याची जबाबदारी मी स्वतःच घेतली होती. फुटबॉलबद्दल माझं मत ठाम होतं. एकही सामना पाहिलेला नव्हता, त्यामुळे मत ठाम असायला काही अडचण नव्हती. मी मंडळात "रविवार दुपारचे चिंतन" नावाची व्याख्यानमाला सुरू केली. रविवारी दुपारी या देशात कुणाला काही काम असेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

पहिलं पुष्प अर्थातच माझं. विषय, 'संतांचे मौन.' मौनावर मी पाऊण तास बोलले होते आणि अजून बरंच बाकी होतं. समोर दुसऱ्या रांगेत निळ्या इरकलीतल्या एक बाई डोक्यावरून पदर घेऊन, डोळे मिटून बसलेल्या. मला वाटलं, चला, एक तरी जीव माझ्यासोबत अंतर्मुख झाला. मी आवाज खाली आणला. म्हटलं, "आणि मग येते ती खरी शांतता..."

"अरं झेल की, मुडद्या!"

बाई उभ्या. पदर खाली. कानात खोचलेलं इअरफोनचं ते पांढरं बोंड लख्ख दिसलं. माझ्या हातातले कागद सुटले, तर बाई, म्हणजेच घोरपडे काकू, माझ्याकडे बोट दाखवून शेजारणीला म्हणाल्या, "बघ, हिनं पण सोडलं!" मागच्या रांगेतून चार-पाच पुरुषांनी एकदम विचारलं, "काय, सुटला का?" त्यातला एक आवाज आमच्या ह्यांचा होता.

पुढे आठवडाभर मी ह्यांच्याशी बोलले नाही. विषयच मौनाचा होता.

तर अशा बाईच्या घरी मी पाय ठेवणार नव्हते. पण हे दर रविवारी 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून जायचे आणि तोंडाला रश्श्याचा वास घेऊन यायचे. एका रविवारी मी तणतणत त्यांना आणायला गेले. बेसमेंटचा जिना उतरते तोच "झेल!" म्हणून आरोळी आली आणि पाठोपाठ एक संत्रं. खरं तर संत्रं आधी आलं. काकूंचा 'झेल' हा शब्द नेहमी वस्तू हातातून निघाल्यावर यायचा. किल्ल्या, लिंबं, भाकरी, टीव्हीचा रिमोट, काही म्हणून हातात द्यायच्या नाहीत. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. संत्रं माझ्या खांद्यावर आपटून ह्यांच्या ताटात पडलं.

"ही आपल्याच टीममधली दिसतीया," काकू म्हणाल्या. "बस पोरी. पांढरा घेणार की तांबडा?"

मी म्हटलं, मी बसायला आलेले नाही. मग मी पांढरा घेतला. मग तांबडाही घेतला. अंधार पडल्यावर हे म्हणाले, "आता निघायचं का?" तर मी म्हटलं, "थांबा हो जरा, चौथा डाव चाललाय." ह्यांनी ते वाक्य पुढे किती लोकांना सांगितलं त्याला गणती नाही.

काकूंचं बेसमेंट म्हणजे एक जुना सोफा, भिंतीएवढा टीव्ही आणि जमिनीवर सतरंजी. सतरंजीवर व्हिसावर आलेली पुण्या-नागपूरची पोरं, सोफ्याच्या एका टोकाला शेजारचा जेरी. जेरी निवृत्त पोस्टमन. तांबडा रस्सा पिताना त्याचा चेहरा रश्श्याच्याच रंगाचा व्हायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि तो म्हणायचा, "काकू, धिस इज द इअर." तो रश्श्याबद्दल बोलतोय की टीमबद्दल, कुणी विचारत नसे.

काकूंना खेळाडूंची खरी नावं घेणं आवडायचं नाही. त्यांची नावं त्यांनी स्वतः ठेवलेली. एक रिसीव्हर होता तो 'जावई.' का, तर चेंडू अगदी हातात आणून द्यावा, पाटावर बसवून द्यावा, अशा बेतानं उभा राहायचा. दुसरा 'नवरदेव.' त्याचं सगळं लक्ष हातमोजे नीट करण्यात आणि गळ्यातली साखळी आत खोचण्यात. तिसरा 'पाहुणा.' आला कधी, गेला कधी, कळायचंच नाही. नागपूरचा एक पोरगा एकदा म्हणाला, "काकू, पाहुण्याचे आकडे या वर्षी चांगले आहेत हो." काकू म्हणाल्या, "आकडे चांगले असतील लेका, माणूस घरात टिकतोय कुठं?"

त्यांचं खेळाचं ज्ञान अफाट होतं असं कुणी समजू नये. काकू बहुतेक वेळा चुकायच्या. नवरदेव हा माणूस जन्मात काही झेलणार नाही असं त्यांनी एका सामन्यात छातीठोक सांगितलं, आणि पुढच्याच मिनिटाला त्यानं एका हातानं, आडवी उडी मारून असा काही झेल घेतला की जेरीनं चष्मा काढून पुसला. सगळे काकूंकडे बघायला लागले. काकू शांतपणे भाकरी मोडत म्हणाल्या, "त्यानं कुठं झेललाय? चेंडूच हातात शिरला. तो काय करणार?"

सामना संपला की फोन वाजायचा. टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून अजय. तो इथेच वाढलेला, नोकरीसाठी तिकडे गेलेला, तिथेच मेगनशी लग्न करून राहिलेला. पण टीम त्यानं बदलली नव्हती. काकू फोन घेऊन कपडे धुवायच्या खोलीत जायच्या आणि दार लावून घ्यायच्या. त्या दाराचा उपयोग नव्हता. काकूंचा आवाज कोल्हापूरच्या मोकळ्या माळावर तयार झालेला.

"जावयाला सांग म्हणावं, पळायला शिक आधी!... काय फेकणाऱ्याचं? आँ? फेकणाऱ्यानं काय त्याच्या तोंडात घास भरवायचा?... गप्प बैस, मी सांगतो ते ऐक!"

काकू बोलताना 'मी सांगतो, मी जातो' असंच म्हणायच्या. आधी माझ्यातली एम. ए. कळवळायची. नंतर मीही एकदा डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी किराणा दुकानात "दोन किलो ज्वारीचं पीठ घेतो" म्हणाले आणि हे गालात हसले.

हा फोन एका तासाच्या आत संपत नसे. आम्ही पोरं, म्हणजे सगळेच, भांडी घासून, सतरंजी गुंडाळून, काकूंचा निरोप न घेता निघून जायचो.

एकदा मात्र टीम जिंकली. बेसमेंटमध्ये नुसता दंगा. जेरीनं आमच्या ह्यांना मिठी मारली, आणि ह्यांनी ती सहन केली. फोन वाजला. काकू आत गेल्या आणि आम्ही टाळ्या संपवायच्या आत बाहेर आल्या. चेहरा पडलेला.

"काय झालं हो? अजय बरा आहे ना?"

"बरा आहे की. 'आई, वी वन!' म्हणाला. मी म्हटलं, हो रे बाबा. तो म्हणाला, 'ओके, बाय.'"

त्या दिवशी भांडी घासताना त्यांनी मला सांगितलं. घोरपडे काका असताना बापलेक सामना बघायचे आणि काकू वरून ओरडायच्या, जेवायला या म्हणून. काका गेले. अजय दर रविवारी नेमानं फोन करायचा. जेवलास का? हो. थंडी आहे? नाही. मेगन बरी आहे? हो. मग दोघेही फोन धरून नुसते श्वास ऐकत बसायचे, कारण ठेवायचं कुणी आधी, हा प्रश्न. "पोटचा पोरगा गं, आणि मला त्याच्याशी बोलायला काय सापडंना." एका रविवारी टीव्ही असाच चालू राहिलेला. काकू काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्या, "अरे, हा अठ्ठ्याऐंशी नंबरचा कशाला असा उभा आहे, जावयासारखा?" पलीकडे अजय जो हसत सुटला! त्या दिवशी तो आईशी तासभर बोलला. दुसऱ्या दिवसापासून काकूंनी फुटबॉल शिकायला घेतला.

"म्हणजे टीम हरली की तुमचं बरं चालतं," मी म्हटलं.

"हळू बोल, जेरी ऐकंल."

"पण काकू, तुम्ही तर चौथ्या डावात देव पाण्यात घालून बसता!"

हे खरं होतं. शेवटचा डाव सुरू झाला की काकू वर जाऊन देव्हाऱ्यातला पितळी गणपती आणायच्या, स्टीलच्या वाटीत पाणी घालून त्यात ठेवायच्या आणि वाटी टीव्हीखाली सरकवायच्या. सामना संपेपर्यंत देवाची सुटका नाही. जेरी तर देव पाण्यात गेल्याशिवाय शेवटचा डाव सुरू झाला असं मानतच नसे.

"मग देवाकडे मागता तरी काय?"

काकूंनी हात पुसले. आजूबाजूला कुणी नाही हे पाहिलं.

"थोडक्यात हरू दे," त्या म्हणाल्या. "अगदी थोडक्यात. आणि झेलणाऱ्यांच्या चुकीनं."

त्यानंतरच्या दिवाळीत मंडळाचा कार्यक्रम नेमका रविवारी दुपारी आला. तारीख ठरवणाऱ्या समितीत मी होते, पण या वेळी खरोखर हॉल दुसऱ्या दिवशी मिळत नव्हता. शेवटी असं ठरलं की सामना रेकॉर्ड करायचा, कुणीही फोन बघायचा नाही, आणि संध्याकाळी काकूंकडे जमून तो पहिल्यापासून बघायचा. जेरीनं तर शपथ मोडायला नको म्हणून दुपारभर घरात टीव्हीकडे पाठ करून काढली. संध्याकाळी सगळे जमलो, सामना लावला, आणि अजयचा फोन वाजला.

काकूंनी फोन उचलला. "तू बघितलास?"

"हो आई."

"मग तोंडातून शब्द काढू नकोस. आणि फोन ठेवूही नकोस."

फोन स्पीकरवर टाकून त्यांनी सोफ्याच्या हातावर उभा केला. तिकडे फ्रिस्कोत अजयनं तो सामना पुन्हा लावला आणि आमच्याबरोबर बसला. पूर्ण वेळ. निकाल ठाऊक असलेला माणूस, पण चेंडू उडाला की "ओह नो!" म्हणत होता, मध्येच "कमॉन, कमॉन" करत होता. अभिनय बेताचा होता. काकू मात्र आईच्या मायेनं तो खरा मानत होत्या. एरवी त्यांना तासभर मिळणारा मुलगा आज पूर्ण सामनाभर मिळाला होता.

चौथा डाव आला. काकू उठल्या, गणपती आणला, वाटीत ठेवला. नागपूरच्या पोरानं भीत भीत विचारलं, "काकू, मॅच तर दुपारीच संपली ना? मग आता देव पाण्यात घालून..."

"मग काय झालं? देवाला काय आजचं आणि काय दुपारचं! आपण संध्याकाळी मागणार हे त्याला दुपारी ठाऊक नसंल होय?"

जेरीला भाषांतर करून सांगितलं. तो गंभीरपणे म्हणाला, "फेअर पॉइंट."

सामना रंगला. आमची टीम चक्क रेषेपाशी. शेवटची काही मिनिटं. काकूंचे हात जोडलेले, पोरं सतरंजीवर गुडघ्यांवर आलेली. आणि फोनमधून अजयचा आवाज आला, अगदी हलका, अगदी प्रेमळ:

"आई, बाप्पाला बाहेर काढ. पाणी थंड आहे."

एक क्षण कुणाला कळलं नाही. मग सगळं बेसमेंट एकदम विव्हळलं.

"फोडलंस की रे!" काकू ओरडल्या. पण वाटी पुढे ओढून त्यांनी गणपती उचलला आणि पदरानं पुसायला लागल्या. "बरं, आता सांग. किती फरकानं?"

"थोडक्यात."

"चूक कुणाची?"

फोनमधून नाइलाजानं, "मे बी... थोडी रिसीव्हरची."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. नवसाला इतका तंतोतंत पावलेला देव मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

दोन हिवाळ्यांनंतर काकू दारासमोरच्या बर्फावर पडल्या. हाड मोडलं नाही, पण अजय विमानानं आला आणि म्हणाला, आता इथे एकटं राहायचं नाही, फ्रिस्कोला चल. मेगननं वरची खोली रंगवून ठेवली होती. आम्हाला वाटलं, काकू टीमसाठी अडतील, घरासाठी अडतील. त्यांचं अडलं होतं भलत्याच ठिकाणी.

"फोनवर भांडतो ते ठीक आहे गं," त्या मला म्हणाल्या. पायाला शेकाची पिशवी, समोर टीव्ही बंद. टीव्ही बंद असलेलं ते बेसमेंट मी प्रथमच पाहत होते. "एका घरात गेलो आणि परत ते जेवलास का, थंडी आहे का, एवढंच उरलं, तर? इथं रविवारी तो माझा असतो. तिथं सातही दिवस समोर असंल आणि नसंलच."

मी म्हटलं, "जाऊन तर बघा." त्या गेल्या.

पहिला महिना त्यांना वाटलं होतं तसाच गेला. मला फोन यायचा. "एका सोफ्यावर बसतो दोघं. तो पडद्याकडं बघतो, मी पडद्याकडं बघतो. जावयानं काल दोन सोडले, तरी गप्प! मी काय म्हटलं की 'हं' म्हणतो. शेजारी बसलं की त्याला बोलताच येत नाही, बापावर गेलाय." मी इकडे ह्यांना म्हटलं, आपण त्यांना पाठवून चूक केली. ह्यांनाही तसंच वाटत होतं, कारण रविवारी आम्हाला घरी वरण-भात होता.

मग काकूंना सर्दी झाली. नातीला लागू नये म्हणून त्या रविवारी वरच्या खोलीत, छोट्या टीव्हीसमोर. पाहुण्यानं मोकळ्या मैदानात चेंडू सोडला आणि काकूंना राहवेना. जिना उतरवत नव्हता. त्यांनी फोन उचलला आणि खालच्या मजल्यावरच्या मुलाला लावला.

"बघितलंस?"

"आई, तो ओव्हरथ्रो होता!"

"कसला ओव्हरथ्रो? आँ?"

सर्दी चार दिवसांत गेली. काकू खाली काही आल्या नाहीत. रविवारी सामन्यापुरत्या तर नाहीच.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी, माझी भाची फ्रिस्कोला राहते तिच्याकडे गेले होते तेव्हा. मुद्दाम रविवार धरून त्यांच्या घरी गेले. दार मेगननं उघडलं. आतून अजयचा आरडाओरडा, वरून काकूंचा. दोन्ही आवाज फोनशिवाय सगळ्या गल्लीला ऐकू जात होते. मेगन मला म्हणाली, "मावशी, दे नो दे लिव्ह इन द सेम हाउस, राइट?"

मी वर गेले. काकू पलंगावर उशांना टेकून बसलेल्या, बारीक झालेल्या, स्वेटरवर शाल. कानाला फोन. मला बघून त्यांनी एक बोट वर केलं, थांब म्हणून, आणि बोट दाखवून खुर्चीवर बसवलं. टीम हरत होती. थोडक्यात. मध्यंतर झालं तरी भांडण थांबेना. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अजय बोलत बोलतच वर येत होता, कानाला फोन तसाच. "नो, नो, आई, लिसन, ऐक ना," म्हणत तो खोलीत शिरला आणि पलंगाच्या कडेला, आईच्या पायांशी बसला. काकूंनी पाय जरा आत घेतले. त्याला जागा झाली.

दोघांचे गुडघे एकमेकांना टेकलेले. दोघांच्याही कानाला फोन. तो सांगत होता, हवा किती होती, चेंडू कुठून सुटला. काकू त्याच्या डोळ्यांत बघून फोनमध्ये म्हणत होत्या, "खुळ्या, हात कशाला दिलेत देवानं?"

मी थोडा वेळ बसले. मग पर्स उचलली, "येते हो काकू," म्हटलं. कुणी ऐकलं नाही. मी हळूच दार ओढून घेतलं आणि खाली आले.